लहान फर्ममध्ये कामे वाढली, पद आणि पगार मात्र जागेवरच: मालकांशी बोलणी कशी करावीत?

अंत्रुजी (फोंडा) यांचा प्रश्न

सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पांची, म्हणजे एसटीपींची, देखभाल करणाऱ्या एका लहान फर्ममध्ये मी सात वर्षांपासून साइट इंजिनीअर म्हणून काम करते. मालकांव्यतिरिक्त आम्ही चौदा जण आहोत आणि मोरजीपासून काणकोणपर्यंत पसरलेल्या बावीस हॉटेलांची व गृहसंकुलांची वार्षिक देखभाल कंत्राटे आमच्याकडे आहेत. प्रकल्प रोज चालवणारी माणसे त्या त्या हॉटेलचीच असतात; आमचे तंत्रज्ञ ठरलेल्या दिवशी जाऊन ब्लोअर, पंप आणि गाळाची स्थिती पाहतात, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवतात आणि अहवाल तयार करतात.

गेल्या वर्षी आमचे व्यवस्थापक आखातात नोकरीसाठी गेले. त्यांच्या जागी कोणालाही घेतले गेले नाही. तंत्रज्ञांच्या पाळ्या लावणे, कंत्राटांच्या नूतनीकरणाची दरपत्रके तयार करणे, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्याचे नूतनीकरण आले की ग्राहकाला कागदपत्रे जुळवून देणे आणि थकलेल्या बिलांसाठी हॉटेलांच्या लेखा विभागाकडे पाठपुरावा करणे ही सगळी कामे हळूहळू माझ्याकडे आली. ती तोंडी आली. कागदावर मी अजूनही साइट इंजिनीअरच आहे. माझा पगार ४२,००० रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन १६,००० रुपये आहे. गेलेल्या व्यवस्थापकांना ५५,००० रुपये मिळत होते, हे दरपत्रकांची आकडेमोड करताना मला कळले. मला व्यवस्थापकपद आणि ६०,००० रुपये पगार मागायचा आहे.

अडचण अशी की मालक माझ्या वडिलांना पूर्वीपासून ओळखतात, मला घरच्यासारखे वागवतात आणि पगाराचा विषय निघाला की "सीझन चांगला जाऊ दे, मग बघू" असे म्हणतात. हॉटेले बिले उशिरा देतात ही त्यांची तक्रार खोटी नाही; ती बिले मीच पाहते. मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून दुसरा पर्याय सुचवला: मी नोकरी सोडून कन्सल्टंट व्हावे आणि दरमहा ५८,००० रुपयांचे बिल द्यावे. मी अजून उत्तर दिलेले नाही. बोलणी केव्हा करावीत, आधी पदाविषयी बोलावे की पगाराविषयी, आणि हा कन्सल्टंटचा पर्याय कितपत योग्य आहे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

म्हापशाचा शुक्रवार यांचे उत्तर

मी बार्देशात वातानुकूलन यंत्रणांच्या देखभालीचा लहान व्यवसाय चालवतो, त्यामुळे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहीत आहे. तुमच्या प्रश्नात सर्वांत महत्त्वाची गोष्ट "केव्हा" ही आहे आणि बहुतेक कर्मचारी नेमके तिथेच चुकीची वेळ निवडतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर मालकाकडे पैशांचा विषय काढणे म्हणजे आगाऊ रकमा आणि बोनस मागणाऱ्यांच्या रांगेत उभे राहणे होय. पावसाळ्यात हॉटेले रिकामी असतात आणि आमच्या हातात रोख नसते, तेव्हा कितीही न्याय्य मागणी आम्हाला संकटासारखी वाटते. डिसेंबरअखेरीस पैसा येतो. पण मालकाला श्वास घ्यायला वेळ नसतो.

तुमची वेळ आत्ता आहे, म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, कारण १ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या कंत्राटांची दरपत्रके अजून ग्राहकांकडे गेलेली नाहीत. दरपत्रक एकदा गेले की मालकाच्या उत्पन्नाला वर्षभरासाठी कुंपण पडते आणि त्यानंतर दिलेली प्रत्येक पगारवाढ त्याच्या खिशातून जाते. दरपत्रक जाण्यापूर्वी ठरलेली पगारवाढ मात्र दरात मिसळता येते. तुम्ही १८,००० रुपयांची वाढ मागत आहात, म्हणजे वर्षाला २,१६,००० रुपये. बावीस ठिकाणांवर ते वाटले तर प्रत्येक ठिकाणी महिन्याला सुमारे ८२० रुपये येतात. ही दरपत्रके तुम्हीच तयार करता. तेव्हा दोन स्तंभांचा एक तक्ता घेऊन जा, एक सध्याच्या दरांचा आणि दुसरा वाढीव दरांचा, आणि कोणते ग्राहक ही वाढ सहज स्वीकारतील व कोणते कुरकुर करतील हेही लिहा. माझ्यासमोर कोणी असा कागद ठेवला, तर मी "बघू" म्हणूच शकणार नाही, कारण बघण्यासारखे सगळे त्या कागदावरच असेल.

गेलेल्या व्यवस्थापकांच्या पगाराचे पैसे वाचले आहेत, हे मालकांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ते वाक्य तुम्ही उच्चारू नका. ते हिशेब मागितल्यासारखे लागते. त्याऐवजी त्या व्यवस्थापकांच्या कामांची यादी करून त्यांतील कोणती कामे आज तुम्ही पूर्णपणे करता, कोणती अर्धवट होतात आणि कोणती कोणीच करत नाही, हे सांगा. तिसरा गट मालकांना सर्वांत जास्त अस्वस्थ करेल, कारण त्यांना तोच दिसलेला नसतो.

उधारीचा मुद्दा खरा आहे आणि त्याच मुद्द्यात तुमचे बळही आहे. तुमच्या फर्मची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार ग्राहकाने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते, परंतु हॉटेलाविरुद्ध तक्रार केली की ते कंत्राट पुढच्या वर्षी मिळत नाही, हे तुमचे मालकही जाणून असतील. अधिक उपयोगी पडते ती आयकराची बाजू. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालेल्या ४३ब(एच) या तरतुदीमुळे, अशा लघु पुरवठादाराचे मुदतीबाहेर गेलेले बिल ३१ मार्चला थकीत राहिले, तर त्या खर्चाची वजावट हॉटेलला त्या वर्षी मिळत नाही. पैसे देईल त्या वर्षी मिळते. फेब्रुवारीत हॉटेलच्या लेखापालाला थकीत बिलांची यादी आणि उद्यम क्रमांक जोडून एक सभ्य पत्र पाठवले, की मालकांच्या शंभर फोनांनी न हललेली फाइल हलते, कारण आता प्रश्न त्यांच्या स्वतःच्या कराचा असतो. यंदा हे पत्र बोलणीपूर्वीच पाठवा. पैसे आले, तर "हॉटेले पैसे देत नाहीत" या वाक्यावर बोलणी अडणार नाहीत.

खतावणी (मडगाव) यांचे उत्तर

मी अनेक लहान आस्थापनांची खाती पाहतो, म्हणून केवळ पगाराच्या रचनेविषयी लिहितो.

कन्सल्टंटचा पर्याय ५८,००० या आकड्यामुळे तुमच्या मागणीच्या जवळ वाटतो, पण तो तुम्हाला आतून पोखरणारा आहे. तुमच्या आस्थापनेत दहापेक्षा जास्त माणसे असल्याने ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, लागू होते आणि पाच वर्षे पूर्ण झाल्याने तुमचा हक्कही तयार झालेला आहे. कन्सल्टंट झालात की पुढील वर्षांची ग्रॅच्युइटी थांबते, भरपगारी रजा जाते, २६ आठवड्यांच्या मातृत्व रजेचा हक्क जातो आणि प्रत्येक बिलातून उद्गम कर (टीडीएस) कापला जातो. वर्षअखेरीस तो परत मिळेल, पण तोपर्यंत पैसे अडकून राहतील. मालकांचा हेतू वाईट असेलच असे नाही. त्यांच्या सल्लागाराने खर्च कमी करण्याचा मार्ग म्हणून हे सुचवले असण्याची शक्यता अधिक आहे. तरीही, वेळ, जागा आणि कामाची पद्धत मालकच ठरवत असतील, तर बिलावर काहीही लिहिले तरी ते नातेसंबंध नोकरीचेच राहतात. तुम्ही हा पर्याय शांतपणे नाकारावा, आणि तरीही तोच स्वीकारायची वेळ आली, तर आजवरच्या सात वर्षांची ग्रॅच्युइटी त्याच दिवशी मागावी.

आता मूळ वेतनाविषयी. ४२,००० पैकी १६,००० मूळ वेतन आणि उरलेले सगळे भत्ते ही रचना पूर्वी सर्रास दिसत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या अशी आहे की वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जादा भाग वेतनातच धरला जातो. म्हणजे नवीन पत्रात ६०,००० लिहिले जाणार असतील, तर मूळ वेतन ३०,००० असावे, असा आग्रह धरण्यास तुम्हाला भक्कम आधार आहे.

याचा परिणाम केवळ पुढच्या पगारावर होत नाही. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर, प्रत्येक वर्षासाठी २६ पैकी १५ दिवस या सूत्राने मोजली जाते. जुन्या पद्धतीने केवळ १६,००० मूळ वेतनावर मोजली, तर सात वर्षांची रक्कम सुमारे ६४,६०० रुपये होते; ३०,००० वर तीच सुमारे १,२१,००० होते. मूळ वेतन वाढले की मागच्या सर्व वर्षांची रक्कम एका फटक्यात वाढते, आणि म्हणूनच काही मालक पगार वाढवताना हसतमुख असतात, पण मूळ वेतनाचा रकाना आला की पेन खाली ठेवतात. बोलणी करताना एकूण आकड्यावर समाधान मानून उठू नका; विभागणीचा कागद पाहूनच होकार द्या.

भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून सक्तीचा होतो, त्यामुळे तो तुमच्याकडे नसणे बेकायदेशीर नाही. मालकांना स्वेच्छेने नोंदणी करता येते, परंतु ती सर्वांसाठी करावी लागते. त्यामुळे ही मागणी एकट्याच्या पगारवाढीच्या बैठकीत ठेवली, तर बैठक तिथेच अडकेल. ती वेगळ्या दिवसासाठी राखावी.

कराची चिंता करू नका. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून पगारदाराला प्रमाणित वजावटीसह १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही, आणि गोव्यात व्यवसाय करही नाही. त्यामुळे वाढलेले पैसे तुमच्या हातात पूर्णपणे येतील. फर्मच्या कामासाठी स्वतःची दुचाकी वापरत असाल, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरप्रमाणे वेगळा घ्या. तो पगारवाढीत धरू देऊ नका. काणकोणला जाऊन येण्याचा खर्च हा पगार नव्हे.

सासष्टीकर यांचे उत्तर

वरील उत्तरांचा आदर राखूनही मला असे वाटते की तक्ते आणि कागद यांनी लहान फर्मचा मालक हलत नाही. त्याला माणूस जाण्याची भीती वाटली तरच तो हलतो. वेर्ण्यातील किंवा कुंडईतील एखाद्या मोठ्या कारखान्यात पर्यावरण विभागात अर्ज करा, हातात देकारपत्र (ऑफर लेटर) घ्या आणि मग बोला. मी स्वतः हेच केले होते आणि आठवड्याभरात निर्णय झाला.

म्हापशाचा शुक्रवार यांचे उत्तर

सासष्टीकर, देकारपत्र दाखवणाऱ्याला मीही एकदा पैसे वाढवून दिले आणि त्याच दिवसापासून त्याच्या जागी दुसरा माणूस तयार करायला घेतला. अर्ज जरूर करावा, आपली बाजारातील किंमत प्रत्येकाला माहीत असावी. पण तो कागद खिशात ठेवावा आणि जाण्याची खरी तयारी असल्याशिवाय बाहेर काढू नये. त्यातही जिथे मालक आणि वडील यांची ओळख आहे, तिथे अशा धमकीची बातमी देवळाच्या जत्रेपर्यंत पोहोचते.

कुळागर (सांगे) यांचे उत्तर

तुम्ही विचारले आहे की आधी पद की आधी पगार. माझे स्पष्ट मत आहे की आधी अधिकार, मग पद आणि शेवटी पगार. मी एका लहान बांधकाम साहित्य पुरवठादाराकडे व्यवस्थापकपदावर आहे. सुरुवातीला मला पदनाम मिळाले, थोडी पगारवाढही मिळाली, पण दोनशे रुपयांचा सुटा भाग घ्यायचा तरी मालकांना फोन करावा लागत असे आणि माणसे रजेसाठी परस्पर त्यांच्याकडेच जात. असे पद म्हणजे केवळ दोष घेण्याची जागा असते. काही बिघडले की "तुम्ही मॅनेजर आहात ना" असे विचारले जाते आणि काही ठरवायचे असले की कोणी विचारत नाही.

म्हणून तुमच्या पत्रात अधिकारांची नेमकी वाक्ये लिहून घ्या. तंत्रज्ञांची रजा आणि पाळी मंजूर करण्याचा अधिकार तुमचा असेल. ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी, समजा १०,००० रुपयांपर्यंतची, तुम्ही न विचारता करू शकाल. नूतनीकरणात ग्राहकाला किती टक्क्यांपर्यंत सूट द्यायची ते तुम्ही ठरवाल. आणि मालकांनी एखाद्या तंत्रज्ञाला थेट दुसरीकडे पाठवले, तर त्याच दिवशी तुम्हाला कळवतील. हे शेवटचे वाक्य क्षुल्लक वाटेल, पण लहान फर्ममध्ये सर्वाधिक भांडणे त्यावरून होतात.

तुमच्या क्षेत्रात आणखी एक बाब आहे. परवाना हॉटेलच्या नावे असतो, पण देखभालीच्या अहवालावर सही तुमची असेल. ज्या प्रकल्पात मालकांनी दुरुस्तीचा खर्च पुढे ढकलला आहे, त्याच्या अहवालात तो दोष नोंदवण्याचे स्वातंत्र्य तुम्हाला आहे का, हे बोलणीतच विचारा. नसेल, तर ती सही तुम्ही करू नये, मग पगार कितीही असो.

शिवाय, तुमचे सध्याचे साइटचे काम कोण करणार? बहुतेक बढत्यांमध्ये जुने काम तसेच राहते आणि नवे त्यावर येऊन बसते. वाढ ६०,००० ऐवजी ५५,००० झाली तरी चालेल, पण हाताखाली एक कनिष्ठ तंत्रज्ञ मिळणार असेल, तर मी ते स्वीकारीन. या बाबतीत माझे आणि खतावणी यांचे मत कदाचित जुळणार नाही.

नवीन पत्रात "नोकरी सोडल्यावर दोन वर्षे या ग्राहकांकडे किंवा प्रतिस्पर्ध्याकडे काम करणार नाही" असे कलम घुसवले जाण्याची शक्यता असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार नोकरी संपल्यानंतर व्यवसाय करण्यावर घातलेली अशी बंदी निरर्थक ठरते. परंतु गोपनीयतेचे आणि नोटिशीच्या मुदतीचे कलम बंधनकारक असते. त्यामुळे भांडायचेच असेल, तर नोटिशीच्या मुदतीवर भांडा. लहान फर्ममध्ये ती तीन महिन्यांची केली, की पुढची नोकरी हातातून जाते.

अंत्रुजी यांचे उत्तर

सर्वांचे आभार. उद्यम नोंदणी आहे, आणि थकीत बिलांची पत्रे मी काल मालकांच्या संमतीने पाठवली. दरांचा तक्ता तयार केला आहे. सर्व बावीस ठिकाणी सारखी वाढ करण्याऐवजी मी ती प्रकल्पाच्या क्षमतेनुसार विभागली, कारण लहान गृहसंकुलाला आणि मोठ्या हॉटेलला एकच रक्कम लावणे योग्य वाटले नाही. काल पत्रांचा विषय निघाला तेव्हा मी केवळ एवढेच म्हटले की दरपत्रके जाण्यापूर्वी मला व्यवस्थापनाच्या खर्चाविषयी अर्धा तास हवा आहे. त्यांनी शनिवारी दुपारची वेळ दिली आहे.

कन्सल्टंटचा पर्याय मी नाकारणार आहे. कुळागर यांच्या सूचनेवर बराच विचार केला आणि कनिष्ठ तंत्रज्ञ मागायचे ठरवले आहे, परंतु त्यासाठी पगाराची मागणी कमी करून सुरुवात करणार नाही. मालकांनी दोन्ही एकदम शक्य नाही असे म्हटले, तर ५२,००० आत्ता आणि ६०,००० ऑक्टोबरपासून, असा प्रस्ताव ठेवावा का?

खतावणी यांचे उत्तर

ठेवावा, पण ऑक्टोबरचा आकडा त्याच पत्रात तारखेसह लिहिलेला असावा. "सीझननंतर पुनर्विचार केला जाईल" हे वाक्य असेल, तर तो टप्पा नाही असे समजा. पहिल्या टप्प्यातही मूळ वेतन २६,००० पेक्षा कमी नसावे. पत्राच्या पहिल्या ओळीत "आपली सेवा पूर्वीच्या रुजू तारखेपासून अखंड धरली जाईल" असे लिहून घ्या. नवीन पदाचे नियुक्तिपत्र म्हणून नवी रुजू तारीख टाकलेली मी पाहिली आहे, आणि त्यामुळे ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांचे मोजमाप पुन्हा शून्यापासून सुरू करण्याचा वाद उभा राहतो. दोघांच्या सह्यांची प्रत शनिवारी मिळाली नाही, तर चर्चेत जे ठरले ते त्याच संध्याकाळी ईमेलने मालकांना पाठवून ठेवा.